लेकीचा धावडा

१२ ऑक्टोबर १९५७, टाकळदरा

परवा रेंजरसाहेब आले, काल सोसायटी ठरली आणि आज मी भोकरदनहून दोन वह्या घेऊन आलो. ठरावांना एक पुरेशी आहे. दुसरी माझ्याजवळ राहू देतो. सकाळची पूजा आटोपली की अंगणात ऊन येईपर्यंत थोडा वेळ रिकामा असतो. मनात चाललेलं कुणाजवळ बोलायची मला सवय नाही, आणि हल्ली जपाला बसलं तरी तेच चालतं. म्हणून इथे लिहितो.

गोष्ट आमच्या डोंगराची. पूर्वी तो जागीरदाराचा होता. जागीरदारी गेली आणि डोंगर जंगल खात्याकडे गेला. वर सगळा धावडा, मधून थोडी सालई आणि पळस. परवा पारावर बसून रेंजरसाहेबांनी सांगितलं की येत्या सालच्या तोडीत आमच्या डोंगराचा नंबर लागला आहे. जंगलाचा एकेक तुकडा दरसाल तोडायला काढतात, त्याला ते कूप म्हणतात. कूप हर्राशीत म्हणजे लिलावात जाईल, गुत्तेदार म्हणजे ठेकेदार सगळं कापून कोळसा करील.

मग साहेबच म्हणाले, "मला तोडायची हौस नाही. पण वर कचेरीत तुमचा डोंगर म्हणजे कागदावरचा एक आकडा आहे. कोळशाचे बावीसशे येतात. उभ्या झाडांपासून याहून जास्त येतात असं दाखवा, मी डोंगर तोडीतून काढायची शिफारस करतो."

"उभ्या झाडाला कोन पैसे देतं?" मच्छिंद्रने विचारलं.

"धावड्याचा डिंक. जालन्याला मागाल तेवढं गिऱ्हाईक आहे. गावाची सोसायटी करा, डिंकाचा गुत्ता घ्या. चोवीसशे सरकारला, वरचे तुमचे. एक साल देतो."

"एकच साल?"

"पुढचं पुढे."

मी चौथीपर्यंत शिकलेला, गावाची पत्रं लिहितो. मला सेक्रेटरी केलं. घरी येऊन बायकोला, दुर्गेला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी काय काम असतं?"

"कागदावर सह्या करायच्या."

"मंग वाचून करत जा," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

१५ ऑक्टोबर

तुळजाबाई आली होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, मला अजून नुसतं रखमा म्हणते. उंबऱ्याच्या बाहेरच बसली.

"रखमा, डोंगराची सोसायटी केली म्हनं. मंग लेकींच्या झाडांचं काय?"

ही आमच्या गावची रीत आहे. मुलगी झाली की पाचवीला घरातली वडील बाई डोंगरावर जाते आणि एक धावडा तिच्या नावाचा धरते. झाडाला हळद लावते, एवढाच विधी. मुलगी सासरी जाते. तिला दिवस गेले की त्या झाडाचा डिंक काढायचा, लाडू करायचे आणि बाळंतविड्याबरोबर पाठवायचे. डिंक काढायचा तो विळ्याने वीतभर साल सोलून, एकाच अंगाला. पुढची दोन वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही. विकायचा नाही. दुसरीच्या झाडाकडे वळायचं नाही. हे सगळं बायांचं. कोणतं झाड कुणाचं हे पुरुषांना धड ठाऊकही नसतं. आमच्या सोनूचं झाड मला माहीत आहे ते तिच्या आईने एकदा दाखवलं म्हणून.

मी तुळजाबाईला म्हणालो, "माय, झाडं देवाची. देवाच्या वस्तूवर सगळ्यांचा सारखा वाटा."

"देवाला बाळंतपन न्हाई, रखमा," ती म्हणाली आणि काठी टेकत गेली.

मला हसू आलं. दुर्गा हसली नाही.

२१ ऑक्टोबर

जालन्याचे गिरिधरशेठ आले. डिंकाचे मोठे व्यापारी. आपणहून आले, हे विशेष. धोतर स्वच्छ, बोलणं गोड, पारावर बसण्याआधी मारुतीला नमस्कार केला. सगळा डिंक ते घेणार, शेराला सव्वा रुपया. माणूस देवभीरू वाटला.

गुत्त्याचा अर्ज मी त्यांच्यासमोरच भरत होतो. सातवं कलम असं: "सदर डोंगरावरील कोणत्याही झाडावर कोणाही इसमाचा हक्क अगर वहिवाट नाही." मी थांबलो. लेकींच्या झाडांचं सांगितलं.

शेठजी म्हणाले, "रखमाजी, ती बायांची हौस. हक्क म्हणजे अलग चीज. असं काही लिहिलंत तर चौकशी लागते. साल दोन साल सगळंच अटकून बसतं. गुत्ता जल्दी पाहिजे ना तुम्हाला?"

मी रात्रभर विचार केला. झाड माणसाचं कसं असेल? लावलं कुणी, पाणी घातलं कुणी? देवाने. मग हक्क कुणाचाच नाही असं लिहिण्यात खोटं काय? सकाळी सही केली. करताना हात थोडा अडला, पण ती टाकाचीही चूक असेल.

१७ नोव्हेंबर

गुत्ता मंजूर. घरटी पैसे गोळा करून अनामत भरली. मारुतीला नारळ फोडला. गावात लोक आता मला सेक्रेटरीआबा म्हणतात. ऐकून बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो, कारण बरं वाटू नये असं वाटतं.

९ जानेवारी १९५८

सभा झाली. वाटप कसं करायचं यावर दुपार गेली. कुणी म्हणे घरटी झाडं वाटा, कुणी म्हणे डोंगराचे भाग पाडा. मी उभा राहिलो आणि म्हणालो की झाडं वाटली की भांडणं आली, चांगली झाडं पाटलाला आणि वठलेली विधवेला. त्यापेक्षा सगळा डोंगर सगळ्यांचा. जो जितका डिंक आणील त्याला तितके वजनावर पैसे. कष्टाप्रमाणे फळ.

सगळ्यांना पटलं. मच्छिंद्र तर म्हणाला, "आबा, ह्ये बिलकुल बराबर बोलले." तो तरणा आहे, हाडाचा कष्टाळू आहे. त्याचं शेत मुरमाड. यात त्याचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्याच्या बायकोलाही, नंदाबाईला, दिवस आहेत.

बाया सभेला नव्हत्या. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं, त्या येत नाहीत.

२ फेब्रुवारी

गिरिधरशेठनी वीस कुऱ्हाडी पाठवल्या, पाती अरुंद आणि वाकडी. सोबत एक माणूस. त्याने एका झाडावर खाच मारून दाखवली. साल सोलून भागत नाही, आतल्या लाकडापर्यंत जायचं. चारी बाजूंना मारली तर चौपट डिंक. शेठजींची आपुलकी पाहून मन भरून येतं. कुऱ्हाडींचा पैसाही मागितला नाही.

जाता जाता तो माणूस विचारत होता, वाळलेल्या झाडांची खातं वेगळी हर्राशी करतं का, आणि स्वस्तात जाते का. मी म्हणालो, आमच्याकडे वाळलेली झाडं फार नाहीत. तो म्हणाला, सहज विचारलं.

२१ मार्च. पाडवा

आज डिंक काढायला सुरुवात. धावडा सगळा निष्पर्ण आहे, या दिवसांत असतोच. पांढरट खोडं उन्हात उभी. लोक मनात धाकधूक घेऊन उभे होते, कुणाच्या लेकीच्या झाडाला आधी लावायची कुऱ्हाड? मी पुढे झालो. म्हणालो, माझ्या घरापासून सुरू करा. सोनूच्या झाडाला मीच पहिली खाच मारली. मग सगळे पांगले आणि डोंगरभर ठोकाठोक सुरू झाली.

घरी आलो तर गुढीपुढचा नैवेद्य तसाच झाकलेला. दुर्गा म्हणाली, "सोनूला तिसरा म्हैना चालू हाय. निरोप आल्ता सकाळी जाफराबादहून."

मी म्हणालो, देवाची कृपा. आनंदाची बातमी सांगतानाही तिचा चेहरा असा का असतो हे मला कळत नाही.

८ एप्रिल

ऊन पडलं तसा डिंक वाहू लागला. खाचेच्या तोंडाशी पिवळे खडे धरतात, काचेसारखे. परड्या भरून येत आहेत. शेठजींनी दर वाढवला, दीड रुपया. म्हणाले मुंबईला मागणी आहे.

लोक आता तांबडं फुटायच्या आत डोंगरावर असतात. आधी जाईल त्याला खडे, मागून येणाऱ्याला ओला चिकटा. काल रखवालीवरून दोघांची डोकी फुटली. दोघेही आपल्याच भावकीतले.

१४ एप्रिल

ठराव केला: एका झाडाला एकाच अंगाने खाच. सगळ्यांनी हात वर केले. मी स्वतः वहीत लिहिलं, अंगठे घेतले.

१९ एप्रिल

डोंगर फिरून आलो. एकाच अंगाला खाच असलेलं झाड दिसेना. मच्छिंद्र चौथी खाच मारत होता. मी म्हणालो, "अरे, ठराव झाला ना?"

त्याने कुऱ्हाड खाली केली नाही. "आबा, मी ही बाजू सोडली तर मागून दुसरा मारून राह्यला. मंग डिंक त्याचा आन झाड दोघांचंबी गेलं. झाड का मला वळखतं?"

"पुढच्या सालाचा विचार कर."

"पुढलं साल कोनाला देनार हायेत, सायबाला तरी ठावं हाय का? तुमी लिहून द्या की पुढल्या सालीबी ह्ये झाड माझंच. आत्ता खाली ठेवतो कुऱ्हाड."

मी लिहून देऊ शकत नव्हतो. हक्क कुणाचाच नाही असं लिहून मीच दिलं आहे.

परत येताना सोनूच्या झाडापाशी थांबलो. माझी एक खाच होती, कुणीतरी दोन वाढवल्या होत्या. चौथी बाजू कोरी. माझ्या हातात कुऱ्हाड होती. मी न मारली तर संध्याकाळपर्यंत कुणी तरी मारणारच. मारली. शेरभर डिंक निघेल. हे कुणाला सांगितलेलं नाही. आज जप तीनदा मोडला.

६ मे

दर पावणेदोन. सरकारचे चोवीसशे कधीच फिटले, वरचा पैसा गावात वाटतो आहोत. पाच घरांनी पत्रे घेतले. रेंजरसाहेबांचं पत्र आलं, वर त्यांची पाठ थोपटली गेली, टाकळदऱ्याचा दाखला दुसऱ्या गावांना देणार आहेत. पत्र मी पारावर मोठ्याने वाचलं. लोकांनी दोनदा वाचायला लावलं.

दुर्गेला आमच्या वाट्याचे पैसे दिले. तिने पदरात घेतले, मोजले नाहीत. म्हणाली, "सोनूच्या लाडवाला दोन शेर डिंक लागंल."

"सोसायटीतून घे. सेक्रेटरीच्या घरचं म्हणून फुकट नको, दर पडेल तो देऊ."

"लेकीच्या झाडाचा डिंक इकत?"

"आता झाड तिचं नाही ना. सगळ्यांचं आहे."

ती म्हणाली, "व्हय. तेच पाहून राह्यले मी."

ती आणि तुळजाबाई हल्ली मंगळवारी शेण आणि काळी माती पाटीत घेऊन डोंगरावर जातात. वरच्या घळीतल्या देवीचं सारवण असेल. या वयात तुळजाबाईने चढू नये. पण देवाच्या कामाला मी आडवा कसा जाणार?

१ जून

काहीतरी चुकतं आहे. पळस हिरवा झाला. सालईला पालवी आली. शेजारच्या गावच्या हद्दीतला धावडा तांबूस कोंभांनी भरला. आमचा डोंगर तसाच पांढरा उभा आहे.

लोक म्हणतात, उशीर होईल यंदा. मीही तेच म्हणतो.

४ जून

अजून नाही. सकाळी उठल्याबरोबर पूजेच्या आधी डोंगराकडे पाहतो, हे बरं नाही.

९ जून

तुळजाबाईने मला हाताला धरून डोंगरावर नेलं. अक्षरशः हाताला धरून, म्हातारीच्या बोटांत अजून ताकद आहे. दुर्गा पुढे चालत होती.

एका झाडापाशी तुळजाबाईने नखाने साल खरवडली. खाली तपकिरी, कोरडं. दुसऱ्याला तसंच. "ह्ये काशीबाईच्या थोरलीचं. ह्ये पाटलाच्या गोदीचं. ह्ये माझ्या भागीचं, तिला पाच लेकरं झाली ह्याच्या डिंकावर." ती नावं घेत चालली आणि मी मागून. सगळी झाडं मी पन्नास वर्षं पाहतो आहे. आज पहिल्यांदा कळलं की डोंगरावरचं एकही जाणतं झाड बिननावाचं नव्हतं.

वरच्या घळीत मात्र पालवी होती. तीसचाळीस झाडं हिरवी. बुंध्यांवर शेणमातीचे लेप, खाचा बुजवलेल्या, वर चिंध्या बांधलेल्या. मी दुर्गेकडे पाहिलं.

"खाली पुऱ्या पडलो न्हाई आमी," ती म्हणाली. "सकाळी लिपायचं, दुपारून कोनी तरी उकरायचं. मंग घळीतलीच धरली. इथं चढाया माणसं कंटाळत व्हते."

"मला सांगायचं नाही?"

"कोनाला? सेक्रेटरीला?"

सोनूचं झाड खालच्या अंगाला आहे. मी वाटेत तिकडे पाहिलं नाही. त्या दोघींनीही दाखवलं नाही.

१५ जून

गिरिधरशेठ आले. डोंगराकडे पाहून चुकचुकले. म्हणाले, झाडाची जात नाजूक. मग खिशातून कागद काढला. वाळलेल्या झाडांची हर्राशी खातं जुलैत ठेवणार आहे, ते बोली लावणार. वाळलं लाकूड कोळशाला उत्तम, वाहायलाही हलकं. आणि जी झाडं जगली आहेत त्यांचा डिंकाचा गुत्ता सोसायटीने पुढच्या सालीही घ्यावा. सरकार आता चार हजार मागेल, कारण यंदा आपण कमावून दाखवलं. अनामत ते स्वतः भरतील.

मी विचारलं, "चार हजारांचा डिंक उरल्या झाडांतून कसा निघेल?"

"मेहनत केली तर निघतो," ते म्हणाले. "आणि घेणार नसाल तर ते पुन्हा कोळशाला जाईल. मग मला बोलू नका, मी तुमच्या भल्याचं सांगायला आलो."

त्यांच्या मनात पहिल्यापासून काही होतं असं मच्छिंद्रसुद्धा म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. त्यांनी कुऱ्हाडी दिल्या, मारल्या आम्ही. व्यापाऱ्याने नफा पाहिला. मी काय पाहिलं?

जाताना त्यांनी मारुतीला नमस्कार केला.

१८ जून

गुत्ता घेतला तर फेडण्यासाठी घळ संपेल. न घेतला तर कुऱ्हाड संपवील. तीन दिवस हेच फिरतं आहे. पेरणी सुरू आहे, तिफण धरतो आणि ओळ वाकडी जाते. बैलसुद्धा मागे वळून पाहतात.

देवाला विचारलं. तो सहीबद्दल विचारतो.

२१ जून

काल भोकरदनला गेलो. चालत गेलो, वाटेत मोटर होती तरी. रेंजरसाहेबांना म्हणालो, "सातव्या कलमात मी खोटं लिहिलं. झाडांवर वहिवाट आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बायांची आहे." सगळी रीत सांगितली.

ते उठून दार लोटून आले.

"रखमाजी, हे तुम्ही ऑक्टोबरात लिहिलं असतं तर काय झालं असतं ठाऊक आहे?"

"गुत्ता मिळाला नसता."

"तो नसता मिळाला. पण वहिवाटीची चौकशी निघाली की निकाल लागेपर्यंत त्या डोंगरावरचं काहीच विकता येत नाही. डिंक नाही, वाळलेलं नाही, आणि कूपही नाही. तोडच थांबली असती."

शेठजी म्हणाले होते की सगळंच अटकून बसतं. मी त्यातला माझा गुत्ता तेवढा ऐकला.

साहेब म्हणाले, "चूक माझीही आहे. किंमत असली की जंगल टिकतं असं मी समजत होतो. किंमत कुणाच्या हातात पडते ते पाहिलं नाही." मग आवाज बदलला. "आता लिहून दिलंत तर सरकारला खोटी माहिती दिली असा ठपका तुमच्यावर येईल. सोसायटीची अनामत जप्त होईल. पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील. गाव तुम्हाला सोडणार नाही. घरी जाऊन विचार करा."

मी म्हणालो, विचार आठ महिने केला. कागद द्या.

३० जून

चौकशीला साहेब आणि त्यांचा कारकून आले. जुलैची हर्राशी थांबली आहे. गावातल्या पुरुषांपैकी पाचसहाच आले. अनामत बुडाली, पुढच्या सालचा पैसा बुडाला. पारावरून जाताना लोक बोलणं थांबवतात. सेक्रेटरीपण मी कागद लिहून दिला त्याच दिवशी सोडलं, पण गावाला ते त्याआधीच काढून घ्यायची घाई झाली होती.

बाया आल्या. सगळ्या. लुगड्याचा पदर दातांत धरून एकेक पुढे होई आणि झाडाला हात लावून नाव सांगे. "माझ्या लेकीचं, चंद्रभागेचं. दिली वालसावंगीला." साहेबांनी सांगितलं की हक्क गावात राहणाऱ्या घराच्या नावाने लागेल, लेकी तर परगावी. तुळजाबाई म्हणाली, "साहेब, घराच्या नावाने लिवा, पन झाड कोनतं ते आमीच सांगनार. घरातल्या बाप्यांना ठावं न्हाई." कारकून हसला. साहेबांनी तसं लिहायला सांगितलं. वर एक अटही: यापुढे ज्या घरच्या झाडाला एकाहून जास्त नव्या खाचा दिसतील त्या घराचा हक्क जाईल. ती अट तुळजाबाईने घालायला लावली.

कारकुनाला बायांचं बोलणं कळेना म्हणून यादी मीच लिहिली. तीन दिवस लागले. एकूण सहाशे त्रेसष्ट. जिवंत एकेचाळीस. वाळलेलीही लिहायची का, असं साहेबांनी विचारलं. दुर्गा म्हणाली, लिवा.

सोनूसाठी दुर्गेने जालन्याच्या दुकानातून डिंक मागवला आहे. कुठल्या झाडाचा ते दुकानदार सांगू शकत नाही.

५ जुलै

यादी उद्या भोकरदनला जायची. तिचा निकाल काय लागेल कुणास ठाऊक. साहेब म्हणतात दोन वर्षं, आणि तोवर त्यांची बदली होणार.

सकाळी पूजा संपवून उठतो तो मच्छिंद्र दारात. तो माझ्याशी पंधरा दिवस बोललेला नाही. आधी बोलला होता तेव्हा म्हणाला होता, "आबा, तुमी आमच्या तोंडचा घास काढला." त्याच्या घरावर पत्रे येणार होते.

तो उंबऱ्याशी पाठ करून उभा राहिला. मागून नंदाबाई आली, कडेवर दीड महिन्याची पोर. दुर्गेने तिला आत घेतलं, पोरीची टाळू हुंगली.

नंदाबाई मला म्हणाली, "आबा, यादी गेली न्हाई ना अजून? हिचं लिवायचं राह्यलं. मथुरा."

"पाचवीला झाड धरलं होतंस?"

"कवा धरनार? तवा सगळ्या झाडांला खाचा चालू व्हत्या. काल तुळजामायसंगं जाऊन धरलं. घळीच्या वरच्या तोंडाला हाय."

मी विचारलं, बुंधा केवढा. तिने अंगठा आणि मधलं बोट जुळवून दाखवलं. मनगटाएवढं रोपच ते. कुऱ्हाड लावण्याजोगतं नव्हतं म्हणून कोरं राहिलेलं.

"बाई, याला डिंक यायला पंधरा-सोळा वर्षं लागतील."

"हिला तरी कुठं आजच लागनार हाय?"

मी यादी उघडली. सहाशे चौसष्टावी ओळ. यादीत भर घालायचा मला आता अधिकार आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. लिहिलं: मथुरा, घर मच्छिंद्राचं, झाड घळीच्या वरच्या तोंडाशी, खाच नाही. बुंध्याच्या रकान्यापाशी थांबलो आणि अंदाजाने पाच बोटं असं लिहू लागलो.

दारातून मच्छिंद्र तसाच पाठमोरा म्हणाला, "पाच न्हाई. सहा हाय. सुतळीनं मोजलंय मी. बराबर लिवा."

पाच खोडून सहा लिहिलं.